मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर आणि अलार्म: कोकणातल्या गाडीसाठी काय घ्यावं, काय टाळावं

गावच्या गाडीला अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवू का, असं तुम्ही विचारलंत. उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. अलार्म आणि सेंट्रल लॉक जरूर बसवा. रिमोट स्टार्ट, म्हणजे चावी न फिरवता दुरून इंजिन चालू करायची सोय, बसवू नका. निदान या गाडीला आणि तुम्ही लिहिलंय त्या कामासाठी तर नाहीच. नुसतं "नको" म्हणून थांबलो तर गणपतीत गावी आल्यावर पहिलाच अ‍ॅक्सेसरीवाला "काही होत नाही साहेब, रोज बसवतो" म्हणून तुम्हाला पटवेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, चावीची. तुम्ही डोंबिवलीला, गाडी गुहागर तालुक्यात वडिलांकडे. घर उतारावर, गाडी पडवीला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. ऑनलाइन एक किट बघितलंय, त्यात अलार्म, रिमोट स्टार्ट, पुश बटण आणि सिमकार्ड घालून फोनवरून इंजिन चालू करायची सोय असं सगळं एकत्र आहे. हेतू दोन. मे महिन्यात आई-वडील बसायच्या आधी गाडी गार व्हावी, आणि तुम्ही मुंबईला असताना आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून बॅटरी जिवंत राहावी.

रिमोट स्टार्टमध्ये जादू काही नाही. चावीच्या स्विचमागे चार-पाच जाड तारा असतात. एकीत बॅटरीचा करंट कायम असतो, एक रेडिओ वगैरेची, एक किंवा दोन इग्निशनच्या आणि एक सेल्फची. चावी फिरवताना आपण या तारा ठरावीक क्रमाने एकमेकींना जोडतो. किटमधले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, तेच करतात. फरक इतकाच की माणूस चावी फिरवण्याआधी सवयीने गिअरचा दांडा हलवून बघतो, क्लच दाबतो. रिले दोन्हीतलं काही करत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल तर सेल्फ लागताक्षणी ती पुढे झेप घेते, आणि इंजिन पकडलं तर चालतच राहते. आत कोणी नसतं.

यावर "न्यूट्रलमध्ये ठेवायची की" असं उत्तर मिळतं. शहरातल्या सपाट पार्किंगमध्ये ते एक वेळ चालेल, पण कोकणात इथेच घोडं पेंड खातं. आपली घरं उतारावर, गाडी घाटीच्या तोंडाशी किंवा अंगणाच्या कडेला. त्यात पावसाळा. चार महिन्यांच्या दमट हवेत हँडब्रेक ओढून ठेवला की मागच्या ड्रमला ब्रेकशू चिकटतात आणि गाडी हलवायला गेलं की चाकं फिरत नाहीत. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस जास्त दिवस गाडी ठेवायची असली की हँडब्रेक सोडतो, पहिला गिअर टाकतो आणि चाकाखाली चिऱ्याचा तुकडा लावतो. ही सवय अगदी बरोबर आहे, मी स्वतः हेच सांगतो. पण म्हणजेच आपल्याकडे उभी गाडी बहुतेक वेळा गिअरमध्ये असते आणि हँडब्रेक सुटा असतो. रिमोट स्टार्टला याहून वाईट स्थिती शोधून सापडणार नाही. तुमचे वडील हेच करत असतील, आणि त्यांनी ते बदलावं असं मी म्हणणार नाही.

चांगल्या किटमध्ये यावर एक तोड असते, तीही सांगतो. गाडी थांबवल्यावर इंजिन चालू ठेवायचं, न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची (मॉड्यूल, म्हणजे किटचा मुख्य डबा, इंजिन चालूच ठेवतो), उतरून दार लावायचं आणि मग रिमोटने इंजिन बंद करायचं. इंजिन चालू असताना माणूस बाहेर उतरला, याचा अर्थ गाडी न्यूट्रलमध्येच होती, असा मॉड्यूलचा हिशोब. त्यानंतर एकही दार उघडलं तर हा हिशोब रद्द होतो आणि पुढच्या वेळी रिमोटने इंजिन लागत नाही. कल्पना हुशार आहे. पण ती सगळी दाराच्या छोट्या स्विचवर आणि हँडब्रेकच्या स्विचवर उभी आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सगळ्यात आधी बिघडतात ते हेच स्विच. दाराचा स्विच आत अडकला की दार उघडल्याचं मॉड्यूलला कळतच नाही. तुम्ही बसलात, गाडी दोन हात पुढे घेतलीत, गिअरमध्ये टाकून उतरलात, तरी त्याच्या लेखी गाडी अजून न्यूट्रलमध्येच आहे. स्वस्त किटमध्ये तर ही तोडही नसते. आणि ज्या गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, त्यांचा क्लचचा स्विच फिटर तार मारून कायमचा जोडून टाकतो. कंपनीने दिलेला एकमेव बंदोबस्त तिथेच संपतो.

मुळात रिमोट स्टार्ट ही वस्तू कॅनडा आणि अमेरिकेतल्या थंडीतली. तिथे बर्फात उभी गाडी गरम करून मग बसायचं असतं आणि बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फ लागतच नाही, त्यामुळे गिअरमध्ये झेप घेऊन गाडी पळायचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे २०१९ साली ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सेल्टॉस आल्या, तेव्हापासून फोनवरून इंजिन चालू करणं लोकांच्या तोंडी झालं. पण कंपनीने दिलेल्या सोयीत गिअर कुठे आहे, दार उघडं आहे का, बॉनेट लागलंय का, हे गाडीच्या मेंदूला आधीच माहीत असतं. बाहेरून बसवलेल्या डब्याला ते आपण तारा ओढून शिकवायचं असतं. तुमची गाडी पार्कवाली ऑटोमॅटिक असती तर माझं उत्तर बरंच नरम असतं. एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) असती तरी नसतं. एएमटीच्या आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, पार्क नसतो आणि तीही लोक गिअरमध्येच लावून ठेवतात.

आता डोंबिवलीहून फोन करून गाडी चालू करण्याबद्दल. हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. रिमोट हातात असतो तेव्हा निदान गाडी डोळ्यांसमोर असते. फोनवरून तुम्हाला दिसत काहीच नाही. शेडमध्ये गाडीखाली कुत्रा झोपलाय का, पोरं लपाछपी खेळताहेत का, वडिलांनी बॉनेट उघडून पाणी बघायला हात आत घातलाय का, काही कळत नाही. इंजिनचा फिरता पट्टा बोट घेऊन जायला एक सेकंद लागत नाही.

दुसरं, धूर. पावसात शेडच्या बाजू आपण झापांनी किंवा ताडपत्रीने बंद करतो. घराची पडवी त्याच छपराखाली. थंड पेट्रोल इंजिन सुरुवातीच्या मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतं, कारण धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापल्याशिवाय कामाला लागत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. पडवीत खाटेवर झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ ही गोष्ट रस्त्यापुरती स्पष्ट सांगतं: सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. म्हणजे बाजारात, बंदरावर, देवळासमोर रिमोटने इंजिन चालू करून ठेवणं कायद्यातही बसत नाही. तुमच्या अंगणात कायदा येणार नाही, धूर येईल.

आता चावीचा मुद्दा, जो कुठलाही अ‍ॅक्सेसरीवाला आपणहून सांगत नाही. २०१७ च्या तुमच्या गाडीत इमोबिलायझर असणार. मारुतीच्या गाड्यांत त्याला आयकॅट्स म्हणतात. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी नसते. चावीच्या भोकाभोवती तारेचं कडं असतं. ते चिपला जागं करून तिचा संकेत वाचतं, आणि तो जुळला तरच इंजिनला पेट्रोल आणि ठिणगी मिळते. रिमोट स्टार्टने सेल्फ फिरवला तरी चिप जवळ नसल्यामुळे इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडतं. परदेशात याला गाडीगणिक वेगळे मॉड्यूल मिळतात. आपल्या छोट्या गाड्यांसाठी ते सहसा मिळत नाहीत. मग फिटर काय करतो? तुमची दुसरी चावी मागतो, तिची चिप, किंवा अख्खी चावीच, कड्याजवळ डॅशबोर्डच्या आत टेपने बांधून ठेवतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. इमोबिलायझर चोराला अडवतो तो चिप त्याच्याकडे नसते म्हणून. आता ती चिप कायमची गाडीत आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं ते हेच. काच फोडून चावीचा स्विच मोडला की काम झालं. ज्यांना थोडी चाड आहे ते फिटर ती चावी लांब ठेवून मध्ये रिले आणि तारेचं कडं घालतात, म्हणजे रिमोटने चालू करतानाच संकेत पोचतो. ते बरं, पण चावी गाडीतच राहते.

आणि खरा फटका पुढे बसतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक तुमच्या खिशात, दुसरी गाडीबरोबर गेलेली. "दुसरी चावी कुठे?" याला "गाडीतच होती" हे उत्तर दिलंत की निष्काळजीपणाचा मुद्दा निघालाच. चोरीपासून वाचायला केलेल्या खर्चामुळे चोरीचा दावा अडकायचा, असा हा सगळा व्यवहार. बनवून आणलेली तिसरी चावी आत ठेवली तर मूळ दोन चाव्यांचा प्रश्न सुटतो, पण चोराचा तसाच राहतो.

पुश बटणाबद्दल थोडक्यात. चावीच्या गाडीला स्टिअरिंगचं यांत्रिक कुलूप असतं. चावी काढली की ते पडतं. बाहेरचं पुश बटण बसवायचं तर एकतर ते कुलूप काढून टाकावं लागतं, म्हणजे चोरीविरुद्धचा आणखी एक अडसर गेला. किंवा चावी अर्धवट फिरवलेली ठेवून वरचा भाग कापतात. कुलूप तसंच राहून चालत्या गाडीत पडलं तर परशुराम घाटात काय होईल ते लिहायची गरज नाही. दिसायला बटण छान दिसतं, एवढाच त्याचा फायदा.

आता तुमचे मूळ दोन हेतू. बॅटरीचा हिशोब असा. हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासाची. उभ्या गाडीतलं घड्याळ, कॉम्प्युटर आणि लॉक मिळून २० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतात, अलार्म बसवला की आणखी तेवढेच. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. तीन आठवड्यांत अर्ध्याहून जास्त बॅटरी गेली, आणि जुनी असेल तर सेल्फ "टक्" करून गप्प. सिमकार्डवालं किट यात आपली भर घालतं, कारण ते सतत टॉवर शोधत असतं, आणि गावात रेंज अर्धी असली की जास्तच ताकद लावतं. गणपतीला ठेवलेली गाडी दिवाळीपर्यंत दोन महिने उभी राहणार. ती चालू करायला तुम्ही बसवलेली वस्तूच तिची बॅटरी पिणार.

बरं, आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालवलं तर? सेल्फला लागलेला करंट लगेच भरून निघतो, थोडं चार्जिंगही होतं. पण जागच्या जागी दहा मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत. धुरातली वाफ सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते, आणि तो आपल्या हवेत तसाही लवकर कुजतो. टायर एकाच जागी, ब्रेक तसेच चिकटलेले. याऐवजी वडिलांना किंवा शेजारच्या कोणा जाणत्या पोराला दर पंधरा दिवसांनी गाडी शृंगारतळीपर्यंत नेऊन आणायला सांगा. बॅटरी, ब्रेक, टायर, एसीचा गॅस, सगळ्यांचं काम होतं. ते जमत नसेल तर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. शेडमध्ये वीज असेल तर फ्लोट चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) लावून ठेवता येतो, फक्त तुमच्याकडे वीज किती वेळा जाते आणि येताना कशी येते ते बघून.

गाडी गार करायचं म्हणाल तर, तुमच्या गाडीचा एसी बटण आणि गोल खुंटीचा आहे. कालच्या माणसाने पंखा बंद करून ठेवला असेल तर रिमोटने इंजिन चालेल, एसी नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत पंखा इग्निशनच्या दुसऱ्या तारेवर असतो. फिटरने ती जोडली नाही तर इंजिन चालू आणि आत भट्टी, अशी तक्रार घेऊन लोक येतात. उन्हात तापलेल्या गाडीतली हवा बंद काचांत एसीने गार करण्यापेक्षा बाहेर घालवणं सोपं. चारही काचा खाली करा, एसी पूर्ण लावा, दोन-तीनशे मीटर गाडी चालवा आणि मग काचा वर घ्या. चालत्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर जास्त जोरात फिरतो, जागच्या जागी दहा मिनिटांत होत नाही ते वाडीच्या वळणापर्यंत होतं. आई-वडिलांना तेवढाही उकाडा नको असेल तर वडिलांनी चावी फिरवून, गाडीत बसून, आईला पाच मिनिटांनी हाक मारावी.

हे सगळं वाचूनही रिमोट स्टार्ट हवाच असेल, तर फोनवालं नको, फक्त हातातल्या रिमोटचं घ्या. बॉनेटचा स्विच असल्याशिवाय फिटरला पैसे देऊ नका. बॉनेट उघडं असताना इंजिन लागताच कामा नये. हँडब्रेक आणि ब्रेक पेडलची तार मॉड्यूलला गेलेली हवी. इंजिन लागलंय की नाही हे मॉड्यूलने आरपीएमवरून ओळखायला हवं. नुसतं एक सेकंद सेल्फ मारून सोडणारं किट चालू इंजिनवरही सेल्फ मारतं आणि फ्लायव्हीलचे दात खातं. दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायला हवं. आणि शेड तिन्ही बाजूंनी उघडी.

आता अलार्मकडे येतो. तो चांगला बसला तर वर्षानुवर्षं त्रास देत नाही, आणि वाईट बसला तर पहिल्याच पावसाळ्यात मालकाला वेड लावतो. वस्तू कोणती घेतली यापेक्षा ती कशी जोडली याने आपल्या किनाऱ्यावर जास्त फरक पडतो.

पुणे-नाशिककडचा फिटर तारेवरचं कव्हर सोलतो, नवी तार तिच्यावर पिळतो आणि काळी टेप गुंडाळतो. तिकडे ते टिकतं. इथे टेपचा गोंद मे महिन्यात वितळून सरकतो, जूनमध्ये तिथे ओल शिरते, मीठ हवेतच आहे, आणि दिवाळीपर्यंत तांबं हिरवं पडून भुसभुशीत होतं. तार बाहेरून धडधाकट दिसते, ओढली की टेपसकट हातात येते. निळ्या प्लास्टिकच्या क्लिपा, ज्या दाबल्या की तारेत दात रुततात, त्या तर किनाऱ्यावर वापरूच नयेत. दातांनी तारेचे काही धागे आधीच तुटलेले असतात, उरलेले मीठ खातं. जोडाला डाख द्या, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि तो जोड जवळच्या हार्नेसला, म्हणजे तारांच्या मूळ जुडग्याला, बांधा म्हणजे हलणार नाही. जिथे तार सतत वाकते, उदाहरणार्थ दाराच्या बिजागरीशी, तिथे जोडच ठेवू नये. डाख दिलेली तार तिथे कडक होऊन तुटते. बॉनेटखाली जाणारी तार कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर घ्या. होड्यांचं वायरिंग करणाऱ्यांना विचारा, त्यांना मिठाचं दुखणं आपल्यापेक्षा जुनं आहे.

अर्थिंगला फिटर बहुतेकदा पत्र्यात नवीन स्क्रू मारतात. रंग खरवडलेल्या त्या जागी गंज धरतो, अर्थ ढिला होतो, आणि मग इंडिकेटर आपोआप लुकलुकतात, लॉक मध्यरात्री उघडतं, असे भुताटकीचे प्रकार सुरू होतात. कंपनीने दिलेल्या अर्थच्या बोल्टवरच टर्मिनल लावायला सांगा आणि वर थोडं ग्रीस. मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. डॅशबोर्डच्या आत फ्यूज ठेवला तर वाटेत बॉनेटखाली तार घासून शॉर्ट झाल्यावर जळायला काहीच अडसर नाही.

सेंट्रल लॉकच्या मोटरी दारात बसवताना तारा मूळ रबरी नळीतूनच जायला हव्यात. बाहेरून नेलेली तार दाराच्या फटीत चेपते आणि तिच्यावरून पाणी आत उतरतं. सायरनचं तोंड खाली करा, नाहीतर त्यात पाणी साचतं. आत जाणाऱ्या तारेला भोकाच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतो. मॉड्यूल पायांशी, गालिच्याजवळ कधी नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर उघडलेल्या गाड्यांत खाली बसवलेले डबे आणि जोड चिखलाने भरलेले होते. तेवढं पाणी आलं तर वर बसवलेलंही वाचत नाही, पण रोजच्या गळक्या रबरातून, भिजलेल्या छत्रीतून आणि चिखलाच्या पायांतून येणाऱ्या पाण्यापासून ते नक्की वाचतं. डबा मीटरच्या मागे, वर, पिवळ्या कपलरांपासून लांब. पिवळं वायरिंग एअरबॅगचं, त्याला कोणीही हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. खरं तर ज्या फिटरकडे मल्टिमीटर नाही, नुसता बल्बचा टेस्टर आहे, त्याला २०१७ ची गाडी देऊच नका. बल्ब ओढतो तेवढा करंट कॉम्प्युटरच्या नाजूक तारांना झेपत नाही.

खोटे अलार्म हा आपल्याकडचा कायमचा वाद. धक्का ओळखणारा सेन्सर कारखान्यातून येतो तो शहराच्या हिशोबाने. गावात छपरावर वांदर उडी मारतं, नारळाचा झाप पडतो, वळवाचा गडगडाट होतो, शिमग्याला पालखीचे ढोल येतात, गणपतीत फटाके. दोन पायऱ्यांचा सेन्सर घ्या: हलक्या धक्क्याला दोनदा "पीप", जोराच्या धक्क्यालाच पूर्ण सायरन. त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून तो बोथट करा. तळहाताने काचेवर ठोकलं तर पीप, मुठीने खांबावर ठोकलं तर सायरन, एवढं पुरे. सारखा ओरडणारा अलार्म आठवड्याभरात शेजारी ऐकेनासे होतात आणि वडील कंटाळून लॉकच करत नाहीत. पोलिसांच्या गाडीसारखे सूर बदलणारा सायरन घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९ ने असे आवाज रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांच्यासाठी राखले आहेत. एका सुराचाच घ्या.

बॉनेटचा पिनवाला स्विच दोन पावसाळ्यांत गंजतो. चुंबकावर चालणारा सीलबंद रीड स्विच मिळतो, तो लावा. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवणारा असावा. एकच कोड पाठवणाऱ्या स्वस्त रिमोटची नक्कल बाजारात मिनिटात करून मिळते. रिमोटच्या पल्ल्याचे आकडे खोक्यावर मोकळ्या मैदानाचे असतात, चिऱ्याच्या दोन भिंतींआडून निम्मेही धरू नका.

अलार्म घेताना पुण्याच्या एआरएआयची (गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) मान्यता असलेला घेतला आणि बसवल्याचा दाखला विमा कंपनीला दिला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळण्याची तरतूद आहे. रक्कम किरकोळ, पण त्या निमित्ताने अलार्मची नोंद पॉलिसीत होते. अलार्म बसवलाय हे कंपनीला लेखी कळवलेलं केव्हाही बरं.

जीपीएस ट्रॅकर वेगळा घ्यायचा असेल तर घ्या, पण घाटात आणि खाडीकाठच्या वाड्यांत रेंज नसते तिथे तो गप्प असतो हे गृहीत धरा. त्याला जोडून मिळणारा, फोनवरून इंजिन बंद करणारा रिले मात्र लावू नका. चालत्या गाडीत इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा करंट तोडला की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन पेडलांत संपते. मग गाडी चोर चालवत असो की वडील.

शेडमधल्या उंदरांना अलार्म घाबरवत नाही. बॉनेटखालची नवी तार प्लास्टिकच्या खाचेदार नळीतून न्यायला सांगा, आणि गाडीजवळ भाताची पोती ठेवू नका.

काम संपल्यावर डॅशबोर्डची झाकणं बसवण्याआधी फिटरला थांबवा. प्रत्येक जोडाचा फोनवर फोटो काढा, कुठली तार कुठे जोडली ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते उघडावं लागेल, तेव्हा निम्मी मजुरी तिथेच वाचते. मग चारही दारं एकेक उघडून सायरन वाजतो का बघा, बॉनेट उघडून बघा, गाडीवर बादलीभर पाणी ओतून पुन्हा बघा. व्हॅले बटण कुठे लपवलंय ते वडिलांना दाखवा. गाडी सर्व्हिसिंगला देताना ते दाबून द्यायचं, म्हणजे अलार्म झोपतो. आणि बॅटरी काढली की स्वतःच्या सेलवर ओरडणारा सायरन असेल, तर त्याची छोटी किल्ली घरात खुंटीवर, गाडीत नाही. निगेटिव्ह टर्मिनल काढायच्या आधी ती लागते.